स्टँडर्ड ऑईल : एका मक्तेदारीचा उदय आणि विभाजन

‘मक्तेदारी’ हा शब्द आज आपण बराच सैल अर्थाने वापरतो. मूळचा ‘मक्ता’ हा सरकारने द्यावयाचा असे. जकातीचा मक्ता, अबकारीचा मक्ता, मिठाचा मक्ता, यांपैकी कोणताही घेतला तरी देणारा कोण आणि घेणारा कोण हे उघड असे. मुदत ठरलेली असे, रक्कम ठरलेली असे, आणि मक्तेदार जुलमी निघाला तर फिर्याद कोणाच्या दारी न्यावयाची हेही रयतेला ठाऊक असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तेलाच्या धंद्यात जी मक्तेदारी उभी राहिली तिचा प्रकार निराळा होता. ती कोणी दिलेली नव्हती. तिला सनद नव्हती, मुदत नव्हती, आणि कित्येक वर्षे तर अशी काही संघटना अस्तित्वात आहे हेच तिचे चालक चौकशी समित्यांपुढे नाकारीत आले.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत स्टँडर्ड ऑईल कंपनीला बहुधा दोन ओळी मिळतात. पहिल्या ओळीत रॉकफेलरने तेलाची मक्तेदारी निर्माण केल्याचे सांगितलेले असते, दुसरीत १९११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मोडल्याचे. वर्गात हे वाचून दाखविले की एखादा चौकस मुलगा विचारतोच : मोडली म्हणजे काय केले? कारखाने पाडले? मालकाला तुरुंगात घातले? तेल स्वस्त झाले? तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. शिक्षक प्रामाणिक असेल तर त्याला येथे थांबावे लागते. मग नेमके मोडले काय, केव्हा, आणि कोणी, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय दूरदेशीचा असला तरी अगदी परका नाही. ‘रॉकेल’ हे इंग्रजीतील ‘रॉक ऑईल’चे मराठी रूप आणि ‘घासलेट’ हे ‘गॅसलाइट’चे. बडोद्याचा गुजराती शेजारी आणि इंदूरचा हिंदी बोलणारा शेजारीही घासलेटच म्हणत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शब्द आपल्याकडे रुळले ते पत्र्याच्या डब्यांबरोबर, आणि आरंभीच्या काळात त्या डब्यांतील तेल पुष्कळसे अमेरिकेहून येत असे. तेल संपल्यावर डबा पाणी तापवावयास, धान्य ठेवावयास, आणि शेवटी पत्रा सरळ करून छपरावर घालावयास उपयोगी पडे. अशा डब्याची एक हकीगत पुढे यावयाची आहे.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल नावाच्या खेड्याजवळ २७ ऑगस्ट १८५९ रोजी एडविन ड्रेक याच्या विहिरीला सुमारे ६९ फुटांवर तेल लागले. तोपर्यंत श्रीमंतांच्या घरी देवमाशाच्या तेलाचे दिवे जळत आणि गरिबांच्या घरी सूर्यास्ताबरोबर काम थांबे. जमिनीतल्या तेलापासून निघणारे केरोसीन स्वस्त होते आणि त्याचा उजेडही चांगला पडे. माणसांची झुंबड उडाली. जमिनीखालचा साठा एकच आणि वरचे मालक अनेक. शेजाऱ्याने उपसण्याआधी आपण उपसले पाहिजे, या एकाच विचाराने जो तो पंप चालवू लागला. १८६१ च्या अखेरीस कच्च्या तेलाचा भाव पिंपास १० सेंटांपर्यंत उतरला. पिंपाची किंमत आतल्या तेलाहून अधिक झाली होती. थोड्याच काळात भाव पुन्हा अनेक पटींनी चढला, पुन्हा पडला. तेलाचा प्रदेश हा या काळात जुगाराच्या अड्ड्यासारखा होता असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

जुगारात न उतरता जुगाऱ्यांचा हिशेब ठेवणारा एक तरुण याच सुमारास क्लीव्हलंड शहरात होता. जॉन डेव्हिसन रॉकफेलर याचा जन्म ८ जुलै १८३९ चा. बाप औषधे विकत गावोगाव हिंडणारा, घरी क्वचित असणारा. आई कडक धर्मनिष्ठ. १८५५ साली सोळाव्या वर्षी तो एका अडत दुकानात मदतनीस हिशेबनीस म्हणून लागला. नोकरी लागल्याचा तो दिवस, २६ सप्टेंबर, तो पुढे जन्मभर सणासारखा पाळीत असे. स्वतःच्या पै-पैचा जमाखर्च त्याने ज्या वहीत लिहिला ती त्याने अखेरपर्यंत जपून ठेवली. १८६३ साली त्याने भागीदारांसह तेल शुद्ध करण्याच्या कारखान्यात पैसा घातला. विहिरीत त्याने घातला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विहीर लागेल किंवा आटेल. पण कोणाचीही विहीर लागली तरी तेल शुद्ध करावयास कारखान्यात आलेच पाहिजे. १८६५ साली भागीदारांशी बेबनाव होऊन आपसांत लिलाव झाला, तेव्हा त्याने ७२,५०० डॉलर्सची बोली देऊन धंदा आपल्याकडे घेतला. १० जानेवारी १८७० रोजी दहा लाख डॉलर्स भांडवलाची स्टँडर्ड ऑईल कंपनी ओहायो राज्यात नोंदविण्यात आली.

आता त्या डब्याची हकीगत. परदेशी जाणारे केरोसीन पत्र्याच्या डब्यांत भरून त्यांची तोंडे यंत्राने झाळीत. एकदा रॉकफेलर ते काम पाहात उभा राहिला आणि एका डब्याला झाळाचे किती थेंब लागतात असे त्याने विचारले. चाळीस, असे उत्तर मिळाले. अडतीस लावून पाहिले आहेत काय? कोणी पाहिले नव्हते. अडतीस लावल्यावर काही डबे गळू लागले. एकोणचाळीस लावल्यावर एकही गळेना. तेव्हापासून एकोणचाळीस हा नियम झाला, आणि पहिल्याच वर्षी त्यात अडीच हजार डॉलर्स वाचले. लाकडी पिंपे दुसऱ्याकडून अडीच डॉलरला घेण्याऐवजी त्याने स्वतःचे सुतार ठेवले, लाकूड रानातच सुकवून मग आणण्याची पद्धत पाडली, आणि पिंप एक डॉलरहून कमी खर्चात पडू लागले. या मनुष्याच्या टीकाकारांनी काहीही म्हटले तरी येथवर त्याच्या वागण्यात निंद्य असे काही नाही. उलट कोणत्याही कारखानदाराने गिरवावा असा हा धडा आहे.

निंद्य भाग सुरू होतो तो रस्त्यावर. तेल पेनसिल्व्हेनियात, कारखाने क्लीव्हलंडमध्ये, गिऱ्हाईक न्यूयॉर्कला आणि समुद्रापलीकडे. शुद्धीकरणाच्या खर्चात दोन कारखान्यांत जो फरक पडे त्याहून आगगाडीच्या भाड्यातील फरक कितीतरी मोठा असे. १८७० च्या सुमारास स्टँडर्डच्या वतीने हेन्री फ्लॅग्लर याने एका रेल्वे कंपनीला दररोज ६० वाघिणी तेल देण्याची हमी दिली आणि बदल्यात जाहीर दरावर गुप्त वटाव मिळविला. घाऊक मालाला सवलत हा जगाचा व्यवहारच आहे, असे येथवरही म्हणता येईल. परंतु १८७१-७२ च्या हिवाळ्यात ‘साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी’ या गुळगुळीत नावाखाली जो बेत रचला गेला त्याचे समर्थन पुढे कोणालाच करता आले नाही. रेल्वे कंपन्यांनी तेलाचे भाडे एकदम वाढवावयाचे. ठरावीक कारखानदारांना त्यातून भरघोस वटाव द्यावयाचा. आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी जे भाडे भरले त्यातलाही हिस्सा याच कारखानदारांना द्यावयाचा! तेलाच्या प्रदेशातून क्लीव्हलंडपर्यंत पिंपामागे ८० सेंट भाडे ठरले होते. मंडळीच्या आतील मनुष्याला त्यातील ४० सेंट परत मिळावयाचे, आणि बाहेरच्याने पाठविलेल्या प्रत्येक पिंपामागेही आतल्यालाच ४० सेंट मिळावयाचे. शेजाऱ्याने गिरणीत दळण दळले की त्याच्या दळणावळीचा निम्मा पैसा आपल्या घरी यावा, तसला हा प्रकार होता. शिवाय कोणी किती माल कोठे पाठविला याची माहितीही रेल्वेने पुरवावयाची होती.

फेब्रुवारी १८७२ मध्ये नवे दर वेळेआधीच जाहीर झाले आणि बिंग फुटले. टायटसव्हिल आणि ऑईल सिटी येथे रात्री मशाली घेऊन सभा भरल्या. विहिरीवाल्यांनी कारस्थानात सामील असलेल्यांना तेल न विकण्याचा निश्चय केला. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने त्या कंपनीची सनद रद्द केली. कंपनीने तेलाचे एक पिंपही कधी वाहून नेले नाही. पण जे व्हावयाचे ते मधल्या सहा आठवड्यांतच होऊन गेले होते. या बेताची धास्ती हवेत असताना स्टँडर्डने क्लीव्हलंडमधील २६ प्रतिस्पर्धी कारखान्यांपैकी २२ विकत घेतले. रोख पैसे घ्या किंवा आमचे भाग घ्या, असे प्रत्येकाला सांगण्यात आले. ज्यांनी रोख घेतले त्यांनी जन्मभर पश्चात्ताप केला आणि ज्यांनी भाग घेतले त्यांची मुले श्रीमंत झाली, हा यातील एक क्रूर विनोद म्हणावा लागेल.

टायटसव्हिलच्या त्या खळबळीत फ्रँकलिन टारबेल नावाचा एक गृहस्थ होता. तेल साठविण्याच्या लाकडी टाक्या बांधून त्याने धंद्यास आरंभ केला होता आणि पुढे तो स्वतः तेलाचा उत्पादक झाला. त्याची मुलगी आयडा तेव्हा चौदा वर्षांची होती. सभेहून परतणाऱ्या बापाचा चेहरा तिच्या मनात कायमचा राहिला.

पुढची सात-आठ वर्षे क्लीव्हलंडचीच आवृत्ती पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क येथे निघाली. १८८० च्या सुमारास अमेरिकेतील तेलशुद्धीकरणाचा सुमारे नव्वद टक्के भाग स्टँडर्डच्या ताब्यात होता. येथे इतिहासकाराला दोन गोष्टी एका दमात सांगाव्या लागतात, आणि बहुतेक लेखक त्यांपैकी एकच सांगतात. पहिली ही, की याच काळात केरोसीन सतत स्वस्त होत गेले. १८७० च्या सुमारास गॅलनला सुमारे २६ सेंट असलेला भाव १८८५ पर्यंत सुमारे ८ सेंटांवर आला. एकसारख्या गुणाचे, दिव्यात भडका न उडणारे तेल गिऱ्हाइकाला मिळू लागले, आणि ‘स्टँडर्ड’ या नावाचा अर्थही तोच होता. दुसरी ही, की ज्या शहरात प्रतिस्पर्धी उरला असेल तेथे भाव पाडावयाचा आणि जेथे नसेल तेथे चढवावयाचा, ही रीतही याच कंपनीने शास्त्रासारखी राबविली. मला वाटते, गिऱ्हाइकाने तक्रार करावी असे या मक्तेदारीत फारसे नव्हते. तक्रार होती ती ज्याला धंदा करावयाचा होता त्याची. तेल स्वस्त मिळाले यात समाधान मानणाऱ्या समाजाला, आपल्यापैकी कोणी उद्या तेलाचा धंदा काढू म्हटले तर तो काढूच शकणार नाही, हे कळावयास वेळ लागतो.

हे कळलेल्या काही विहिरीवाल्यांनी एक धाडस केले. रस्ताच जर शत्रूच्या हाती असेल तर नवा रस्ता काढावा, या विचाराने टाइडवॉटर कंपनीने ॲलेघेनी पर्वत ओलांडून सुमारे ११० मैल नळ टाकला. तज्ज्ञांनी या कल्पनेची थट्टा केली होती. मे १८७९ च्या अखेरीस पंप सुरू झाले. तेल नळातून माणसाच्या चालीहूनही हळू पुढे सरकत होते. सातव्या दिवशी ते दुसऱ्या टोकाला विल्यम्सपोर्ट येथे पोहोचले. आगगाडीच्या वटावावर उभी असलेली सगळी इमारत त्या दिवशी हादरली. पण रॉकफेलर रडत बसणारा नव्हता. त्याने स्वतःचे नळमार्ग टाकण्याचा सपाटा लावला, आणि १८८३ साली टाइडवॉटरशी तडजोड करून पूर्वेकडील वाहतुकीचा साडेअकरा टक्के हिस्सा त्यांना आणि साडेअठ्ठ्याऐंशी टक्के स्वतःला अशी वाटणी ठरविली. बंडखोर भागीदार झाला. रस्ता बदलला, पण रस्त्याचा धनी तोच राहिला.

मध्यंतरी एक कायद्याची अडचण उत्पन्न झाली होती. ओहायोत नोंदलेल्या कंपनीला दुसऱ्या राज्यातील कंपन्यांचे भाग धारण करता येत नसत. म्हणून विकत घेतलेले कारखाने निरनिराळ्या माणसांच्या नावावर ठेवावे लागत. साक्षीस उभा राहिलेला मनुष्य अशा वेळी, स्टँडर्डचे त्या कारखान्यात काही नाही, असे शब्दशः खरे आणि वस्तुतः खोटे उत्तर देऊ शकत असे. या गोंधळावर सॅम्युएल डॉड या वकिलाने २ जानेवारी १८८२ रोजी तोडगा काढला. सुमारे ४० कंपन्यांचे भागधारक आपले भाग नऊ विश्वस्तांच्या हवाली करतील आणि बदल्यात विश्वस्त-प्रमाणपत्रे घेतील. कंपन्या कागदावर वेगळ्या, विश्वस्त मात्र एकच. हाच तो ‘ट्रस्ट’. अनाथाच्या किंवा देवस्थानाच्या मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी जन्मलेली विश्वस्ताची कल्पना येथे नेमक्या उलट कामी आली, आणि अमेरिकन इंग्रजीत ‘ट्रस्ट’ या शब्दाला जो वाईट वास चिकटला तो पुढे गेला नाही.

करारपत्र अर्थातच गुप्त होते. ते कसे फुटले याची गोष्ट ग्रंथप्रेमी वाचकांना आवडेल. १८८९ साली ओहायो राज्याचा महाधिवक्ता डेव्हिड वॉटसन कोलंबस शहरातील एका पुस्तकांच्या दुकानात सहज पुस्तके चाळीत होता. ट्रस्टांविषयीचे एक छोटे पुस्तक त्याच्या हाती लागले, आणि त्याच्या परिशिष्टात स्टँडर्डचा करार छापलेला होता. आपल्याच राज्यात नोंदलेली कंपनी आपला कारभार परक्या विश्वस्तांच्या हाती देऊन बसली आहे, हे त्याला त्या रात्री घरी वाचताना कळले. त्याने दावा लावला. वजनदार माणसांनी त्याच्यावर दडपण आणले. तो हटला नाही. मार्च १८९२ मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. त्याआधी २ जुलै १८९० रोजी व्यापारनिर्बंधाविरुद्धचा शर्मन कायदाही अमेरिकेच्या काँग्रेसने संमत केला होता. ट्रस्ट विसर्जित झाल्याचे जाहीर झाले, विसर्जन रेंगाळत राहिले, आणि १८९९ साली तीच माणसे, तेच कारखाने न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑईल कंपनीच्या छत्राखाली पुन्हा एकत्र आले. कारण न्यू जर्सी राज्याने एका कंपनीस दुसऱ्या कंपन्यांचे भाग धारण करण्याची मुभा दिली होती. त्या कंपनीचे भांडवल एक कोटी डॉलर्सवरून अकरा कोटी करण्यात आले. म्हणजे १९११ पूर्वी ही मक्तेदारी एकदा ‘मोडून’ झाली होती, हे पाठ्यपुस्तके सांगत नाहीत.

हेन्री डेमारेस्ट लॉइड याने १८८१ साली ‘अटलांटिक मंथली’ मासिकात या कंपनीवर लेख लिहून पहिला बाण सोडला होता. तो आवेशाने लिहिणारा लेखक होता. नोव्हेंबर १९०२ मध्ये ‘मॅक्लुअर्स’ मासिकात जी लेखमाला सुरू झाली तिच्यात आवेश कमी आणि कागद अधिक होते. लेखिका होती टायटसव्हिलची ती मुलगी, आयडा टारबेल. या भानगडीत पडू नकोस, ते मासिक बुडवतील, असे म्हाताऱ्या बापाने तिला विनवले होते. तिने न्यायालयांच्या, विधिमंडळांच्या समित्यांच्या जुन्या साक्षी, खटल्यांचे छापील दप्तर, स्थानिक वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली शोधून काढल्या. कंपनीचा एक प्रमुख संचालक हेन्री रॉजर्स हा मार्क ट्वेनच्या मध्यस्थीने तिला भेटू लागला आणि दोन वर्षे माहिती पुरवीत राहिला. कार्यालयात ती एका दाराने आत जाई आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडे, असा बंदोबस्त असे.

या भेटी बंद पडल्या त्याला कारण एक पोऱ्या झाला. स्टँडर्डच्या एका शाखेत जुने कागद जाळण्याचे काम त्या मुलाकडे होते. एके दिवशी जाळावयाच्या कागदांत त्याला आपल्या रविवारच्या धर्मशाळेतील शिक्षकाचे नाव दिसले. हा शिक्षक तेलाचा एक लहानसा स्वतंत्र कारखानदार होता. पोऱ्याने कागद वाचले. शिक्षकाने कोणत्या तारखेस, कोणत्या गाडीने, कोणाला किती तेल पाठविले याची रेल्वे कारकुनांनी चोरून पुरविलेली बित्तंबातमी त्यांत होती. त्याने ते शिक्षकाकडे नेले, आणि कालांतराने ते टारबेलकडे आले. तीस वर्षे ज्याविषयी केवळ कुजबुज होती ते कंपनीच्याच कागदावर सिद्ध झाले. हा भाग छापून आल्यावर रॉजर्सने तिचे तोंड पाहणे सोडले. एकोणीस हप्त्यांची ही माला ऑक्टोबर १९०४ मध्ये संपली आणि त्याच वर्षी दोन खंडांत ग्रंथरूपाने निघाली. तिच्यातही दोष आहेत. शेवटी रॉकफेलरच्या चेहऱ्याविषयी तिने जे लिहिले ते आजाराने केस गेलेल्या एका वृद्धाविषयी होते, आणि ते तिने लिहिले नसते तर बरे झाले असते. पण कंपनीच्या कार्यक्षमतेला तिने मनमोकळी दाद दिली आहे. वैऱ्याच्या मुलीकडून याहून अधिक न्यायाची अपेक्षा कोणी करू नये.

आता सरकार हलले. थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत १९०३ साली स्थापन झालेल्या कंपनी-चौकशी खात्याने १९०६ साली रेल्वेच्या गुप्त वटावांवरील अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी झालेल्या हेपबर्न कायद्याने तेलाचे नळमार्ग रेल्वेप्रमाणेच सार्वजनिक वाहतुकीचे साधन ठरविले. १९०७ साली न्यायाधीश लँडिस यांनी स्टँडर्डच्या इंडियाना शाखेला २ कोटी ९२ लाख ४० हजार डॉलर्स दंड ठोठावला, वृत्तपत्रांनी आनंदोत्सव केला, आणि पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो रद्द केला. मुख्य दावा नोव्हेंबर १९०६ मध्ये मिसुरी राज्यात सेंट लुई येथील केंद्रीय न्यायालयात दाखल झाला होता. ४४४ साक्षीदार तपासले गेले. दप्तर सुमारे साडेचौदा हजार पृष्ठांचे झाले. १९०९ साली सरकार जिंकले आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली.

पण न्यायालये कागद चाळीत असताना खाली जमीन सरकत होती. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा असा कारंजा उडाला की तो आवरावयास नऊ दिवस लागले. नव्या प्रदेशात नव्या कंपन्या निघाल्या आणि स्टँडर्डला तेथे पेनसिल्व्हेनियासारखा जम बसविता आला नाही. पूर्वेकडे रशियाच्या बाकू येथील तेल नोबेल बंधू आणि रॉथ्सचाइल्ड यांच्या भांडवलावर बाहेर पडत होते. १८९२ साली मार्कस सॅम्युएलची ‘म्युरेक्स’ ही तेलवाहू बोट सुएझ कालव्यातून पार होऊन आग्नेय आशियात गेली आणि पत्र्याच्या डब्यातून तेल पाठविणाऱ्या अमेरिकनांपुढे नवे संकट उभे राहिले. ब्रह्मदेशाचे तेल हिंदुस्थानच्या बाजारात येऊ लागले होते. विजेचे दिवे शहरांतून केरोसीनला हाकलीत होते, आणि मोटारीमुळे, पूर्वी नदीत ओतून देत ते पेट्रोल, १९१०-११ च्या सुमारास केरोसीनहून अधिक विकले जाऊ लागले. निकाल लागला तेव्हा शुद्धीकरणातील स्टँडर्डचा वाटा नव्वदावरून सुमारे दोन-तृतीयांशावर आलेला होता. ज्या मक्तेदारीस न्यायालय शिक्षा करावयास बसले होते ती अर्धीमुर्धी आधीच ओसरली होती.

१५ मे १९११ रोजी मुख्य न्यायाधीश एडवर्ड व्हाइट यांनी निकाल वाचला. कंपनीने सहा महिन्यांच्या आत आपल्या उपकंपन्या वेगळ्या करून द्याव्यात, असा आदेश झाला. त्याचबरोबर शर्मन कायदा हा व्यापारावरील प्रत्येक निर्बंधास लागू नसून केवळ अवाजवी निर्बंधास लागू आहे, असा अर्थही त्यांनी लावला. न्यायमूर्ती हार्लन यांनी विभाजनास संमती दिली, पण या ‘अवाजवी’ शब्दास जोरदार हरकत घेतली. कायद्यात नसलेला शब्द न्यायालयाने त्यात घातला, असे त्यांचे म्हणणे होते. यावर विधिज्ञांचे वाद पुढे चालूच राहिले.

न्यू जर्सीची मूळ कंपनी आणि तिच्या ३३ उपकंपन्या मिळून ३४ स्वतंत्र कंपन्या झाल्या. ती वाटणी कशी झाली हे पाहिल्यावर आरंभीच्या चौकस मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. न्यू जर्सी कंपनीचे ९,८३,३८३ भाग होते. ज्याच्याकडे त्यातला एक भाग असेल त्याला प्रत्येक उपकंपनीचा त्या प्रमाणातला अंश मिळाला. कारखाने निघून दुसऱ्याच्या हाती गेले नाहीत. एक मोठी चावी होती ती जाऊन त्याच माणसांच्या हाती चौतीस लहान चाव्या आल्या. एकूण भागांपैकी सुमारे चौथा हिस्सा रॉकफेलरचा होता. तो आता चौतीसही कंपन्यांच्या चौथ्या हिश्शाचा धनी झाला. निकालाची बातमी त्याला गोल्फच्या मैदानावर कळली आणि बरोबरच्या पाद्री मित्राला त्याने स्टँडर्डचे भाग घेऊन ठेवण्याचा सल्ला दिला असे सांगतात. सल्ला उत्तम होता. जे हिशेब एका छत्राखाली झाकलेले होते ते वेगळे होऊन बाजारात येताच या कंपन्या किती फायद्यात आहेत ते लोकांना प्रथमच दिसले, आणि वर्षभरात बहुतेकींच्या भागांची किंमत दुपटीस पोहोचली. रॉकफेलर मालमत्तेच्या शिखरावर चढला तो मक्तेदारीच्या काळात नव्हे, तिच्या विभाजनानंतर.

तर मग विभाजन हा निव्वळ फार्स होता काय? पुष्कळ टीकाकार तसे म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याला कारण विल्यम बर्टन हा रसायनशास्त्रज्ञ आहे. इंडियाना शाखेच्या व्हायटिंग येथील कारखान्यात याने जड तेल उच्च तापमानात आणि दाबाखाली तापवून त्याचे रेणू फोडण्याची व त्यातून पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट पेट्रोल काढण्याची रीत शोधली होती. न्यूयॉर्कला २६ ब्रॉडवे येथील मुख्य कचेरीकडे त्याने यंत्रसामग्रीसाठी दहा लाख डॉलर्स मागितले. दाबाखाली तेल तापविणे म्हणजे साक्षात स्फोटाला आमंत्रण. हा मनुष्य सगळे इंडियाना राज्य मिशिगन सरोवरात उडवून देणार, असा शेरा एका संचालकाने मारला म्हणतात. पैसे नामंजूर झाले. १९११ च्या निकालानंतर इंडियाना कंपनी आपल्या मुखत्यारीची झाली. तिने पैसे दिले, जानेवारी १९१३ मध्ये बर्टनला पेटंट मिळाले, आणि मोटारींची वाढती तहान भागविण्याचे एक मोठे साधन तयार झाले. न्यायालयाने मालकी मोडली नाही हे खरे. पण ‘वरून नकार आला’ हे वाक्य ज्या एका मेजावरून सुटत असे ते मेज मोडले. एका खोलीतील नऊ-दहा वृद्धांनी सबंध धंद्यासाठी विचार करावयाचा, ही स्थिती संपली.

विभक्त भावंडांचे पुढे काय झाले याचा एक अंक आपल्याच भूमीवर घडला. वाटणीत आशियातील विक्री न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड कंपनीकडे आली होती. १९२७ साली तिने सोव्हिएत रशियाकडून केरोसीन घेऊन हिंदुस्थानात विकण्यास आरंभ केला. रशियातील आपल्या विहिरी जप्त झाल्याने संतापलेल्या रॉयल डच-शेलच्या हेन्री डेटर्डिंगने हिंदुस्थानात रॉकेलचे भाव पाडून युद्ध पुकारले. या भांडणात न्यू जर्सीची स्टँडर्ड कंपनी आपल्या बहिणीच्या बाजूला नव्हती. रशियाचे तेल घेण्यास तिचा विरोध होता. १८८० साली ही कल्पनाही अशक्य ठरली असती. मात्र भांडण लांबल्यावर मोठ्यांना जे सुचते तेच सुचले. सप्टेंबर १९२८ मध्ये स्कॉटलंडमधील ॲक्नाकॅरी येथील गढीत न्यू जर्सी, शेल आणि अँग्लो-पर्शियन या कंपन्यांचे प्रमुख जमले, आणि ज्याचा जेवढा बाजार आहे तेवढा त्याने ठेवावा असा करार झाला. हाही करार गुप्त होता. त्याचा मजकूर १९५२ साली अमेरिकन सरकारी अहवालातून उजेडात आला.

न्यूयॉर्कची कंपनी १९३१ साली व्हॅक्यूम ऑईल या दुसऱ्या जुन्या भावंडाशी एकजीव झाली, आणि १९३३ साली तिने न्यू जर्सी कंपनीशी निम्म्या भागीदारीने पूर्वेकडील व्यापारासाठी स्टँडर्ड-व्हॅक्यूम ही कंपनी काढली. मुंबईच्या तुर्भे येथे १९५४ साली जो तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला तो याच कंपनीचा. १९११ साली वॉशिंग्टनमध्ये तोडलेले तीन तुकडे अशा रीतीने मुंबईच्या खाडीकाठी एका कुंपणात नांदत होते. अमेरिकेतील आणखी एका मक्तेदारीविरोधी दाव्यामुळे ही भागीदारी १९६२ साली मोडली. तुर्भ्याचा कारखाना एस्सोकडे, म्हणजे न्यू जर्सीच्या शाखेकडे, गेला आणि १९७४ साली भारत सरकारने तो घेऊन हिंदुस्थान पेट्रोलियमची स्थापना केली. अमेरिकेत उरलेल्या दोघी, न्यू जर्सीची एक्सॉन आणि न्यूयॉर्कची मोबिल, ३० नोव्हेंबर १९९९ रोजी सरकारच्या संमतीने पुन्हा एक झाल्या.